पागोळीच्या पाण्याची बाग

मृगाचा पाऊस लागला की छपराच्या पागोळ्या धो धो वाहतात. ते पाणी अंगणातली चांगली माती उचलते, शेजाऱ्याच्या दारात चिखल करते, कधी भांडणही लावते, आणि ओढ्याला मिळून गावाबाहेर जाते. पुढे फाल्गुन-चैत्रात त्याच घरची माणसे घागरी घेऊन वणवण हिंडतात. हे पाणी आपल्याच अंगणात मुरवले तर? त्यासाठी एक उथळ वाफा पुरतो. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९९० च्या सुमारास घरोघरी असे वाफे होऊ लागले. तिकडे त्यांना ‘पावसाची बाग’ म्हणतात.

आता हिशेब पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छपराच्या एका बाजूखाली २० चौरस मीटर जागा असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०० लिटर पाणी उतरते. अडीच मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल वाफ्यात ते मावते.

पण खणण्याआधी मातीची परीक्षा घ्या. हातभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरा. मुरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी दिवसभरात मुरले तर जागा चांगली. काळ्या चिकण मातीत ते तुंबून राहील. तेथे हा खटाटोप करू नये.

वाफा उताराच्या बाजूला, भिंतीपासून निदान तीन मीटर दूर असावा; नाहीतर पायात ओल शिरेल. पाणी पडते तेथे दगड मांडा. जादा पाण्याला वाट ठेवा, मात्र ती शेजाऱ्याकडे नको! गोठ्याचे किंवा संडासाचे पाणी यात मुळीच सोडू नका. मध्ये वाळा, कर्दळ आणि कडेला गवती चहा लावा. मुळांमुळे माती भुसभुशीत राहते.

डासांचे काय, असे कोणी विचारील. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा लागतो. आपले पाणी त्याआधीच मुरलेले असते. मुरले नाही, तर ती बाग नव्हे, डबके समजावे, आणि बुजवावे.

एका बागेने विहीर भरणार नाही, हे खरे. पण अंगणातली माती अंगणात राहील, आणि आळीतल्या घराघराने असे केले तर रस्त्यावरचा लोंढाही ओसरेल. गुरुजींनी शाळेच्या छपराचा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा. क्षेत्रफळाचा धडा पुन्हा शिकवावा लागणार नाही!