परक्या ओट्यावरचे दुकान

पाडव्याचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त धरून नवे दुकान उघडण्याची महाराष्ट्रातील रीत जुनी आहे. जागा मिळवायची, पागडी किंवा अनामत भरायची, पाटी रंगवून घ्यायची, वहीवर स्वस्तिक काढायचे आणि पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आज तो उलटला आहे. जागा नसते, पाटी नसते, पुष्कळदा मालही पुरता तयार झालेला नसतो. तरीही दुकान उघडलेले असते. चार छायाचित्रे, दोन ओळींचे वर्णन आणि पैसे स्वीकारण्यासाठी एक क्यूआर कोड एवढ्या भांडवलावर ते मोबाइलच्या पडद्यावर सुरू होते.

या सुलभतेचे स्वागतच केले पाहिजे. मसाले, मेतकूट, भाजणी, कोकमाचे आगळ यांसारखे पदार्थ घरी करून विकणाऱ्या स्त्रीला पूर्वी एखाद्या किराणा दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागे. माल खपला तर पैसे, न खपला तर परत, हा बहुधा त्या व्यवहाराचा नियम असे. आता तिचा माल ठाण्याच्या किंवा नागपूरच्या गिऱ्हाइकाला थेट दिसतो. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून पैशाची देवघेवही क्षणात होऊ लागली. ज्यांना बाजारपेठेचा उंबरठा कधी ओलांडता आला नसता, अशा असंख्य लोकांना या साधनांनी बाजारात आणले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु दुकान मांडणे सोपे झाले म्हणजे ते टिकवणेही सोपे झाले, असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. येथे पहिला विचार करायचा तो जागेचा. मोबाइलच्या पडद्यावरील हे दुकान नेमके कोणाच्या जागेत उभे असते? इन्स्टाग्रामचे पान असो, व्हॉट्सअ‍ॅपचा गट असो की एखाद्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतील खाते असो, ती जागा दुकानदाराची नसते. तो परक्याच्या ओट्यावर बसलेला असतो. ओटा प्रशस्त आहे, रहदारीच्या रस्त्यावर आहे आणि भाडेही वरकरणी काही नाही. पण मालकाने उद्या उठ म्हटले तर उठावे लागते. महाराष्ट्रात दुकानाच्या गाळ्याच्या भाडेकरूला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा काही आधार आहे. त्याला कारणाशिवाय बाहेर काढता येत नाही. पडद्यावरच्या भाडेकरूला असा कोणताही आधार नाही. खाते उघडताना न वाचता मान्य केलेल्या अटी हाच त्याचा भाडेकरार, आणि त्या अटी बदलण्याचा अधिकार मालकाकडे असतो.

ही भीती काल्पनिक नाही. एके काळी भारतात घरोघरी पोहोचलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि तेथील मंडळी पांगली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्या निर्णयामागे राष्ट्रीय सुरक्षिततेचे कारण होते आणि त्याच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. पण खेड्यापाड्यांतील ज्या तरुणांनी तेथे आपला प्रेक्षक आणि त्यातून गिऱ्हाईक जमवले होते, त्यांची सारी जमवाजमव एका रात्रीत नाहीशी झाली. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास ठप्प झाले. ज्या व्यावसायिकाचे गिऱ्हाईक, मागण्यांची नोंद आणि मालाची छायाचित्रे एकाच ठिकाणी होती, त्याचे दुकान त्या अवधीत अस्तित्वातच नव्हते. या तिन्ही प्रसंगांत दुकानदाराची कोणतीही चूक नव्हती.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे माल पोहोचवण्याची व्यवस्था असते आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही असतो. त्याबद्दल त्या दलाली घेतात, यात गैर काही नाही. अडत्याशिवाय बाजार कधीच चालला नाही. पण जुन्या अडत्याच्या पेढीवर शेतकरी आणि खरेदीदार एकमेकांचे तोंड तरी पाहत. येथे खरेदी करणारा कोण, तो पुन्हा आला की नाही, त्याला चटणी तिखट लागली की सपक, याचा पत्ता विक्रेत्याला क्वचितच लागतो. गिऱ्हाईक बाजारपेठेचे राहते आणि विक्रेता केवळ माल पुरवणारा होतो. शोधयादीत कोणाचा माल वर दिसावा हेही बाजारपेठच ठरवते, आणि वर दिसण्यासाठी जाहिरातीचे पैसे वेगळे द्यावे लागतात.

मग या जागा सोडून द्याव्यात काय? तसे म्हणणे अव्यवहार्य होईल. स्वतःचे संकेतस्थळ काढून बसलेला दुकानदार हा पुष्कळदा आडवाटेवर दुकान थाटून माशा मारणाऱ्या दुकानदारासारखा असतो. गर्दी जेथे आहे तेथे गेलेच पाहिजे. जत्रेत पाल टाकणारा व्यापारी हेच करत आला आहे. मात्र जत्रा उठल्यावर परतायला त्याचे गावात घर असते, आणि जत्रेत भेटलेल्या गिऱ्हाइकाला तो आपला पत्ता देऊन ठेवतो. आजच्या नव्या उद्योजकाने हे दुसरे काम करायचे राहून जाते.

या घराला फार खर्च येतो असेही नाही. इंटरनेटवरील स्वतःच्या नावाचा पत्ता वर्षाला साधारणतः हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. देवनागरीतील ‘.भारत’ हा पत्ता २०१४ पासून उपलब्ध आहे. व्यापारचिन्हाच्या नोंदणीसाठी व्यक्ती आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क असते, इतरांना त्याच्या दुप्पट. आणि नोंदणी दहा वर्षे टिकून पुढे वाढवता येते. ‘घरगुती’, ‘गावरान’, ‘आजीची चव’ अशी नावे घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की केवळ मालाचे वर्णन करणारे नाव सहसा कोणाच्याही मालकीचे होऊ शकत नाही. शंभर जणांनी एकच पाटी लावली तर पाटीला अर्थ उरत नाही. उरली गिऱ्हाइकांची वही. कोणी, कधी, काय घेतले आणि काय कळवले याची नोंद, गिऱ्हाइकाच्या संमतीने, स्वतःपाशी ठेवणे ही या धंद्यातील खरी पुंजी होय.

यासंबंधीचा एक प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. पत्ता, खाते आणि पासवर्ड नेमके कोणाच्या नावावर असतात? मसाला आई कुटते. खाते मुलाच्या ईमेलवर असते, पैसे पतीच्या बँक खात्यात जमा होतात, आणि संकेतस्थळाचा पत्ता ते बनवून देणाऱ्या ओळखीच्या तरुणाने स्वतःच्या नावावर घेतलेला असतो. सारे सुरळीत चालले आहे तोवर कोणालाच काही खटकत नाही. तो तरुण परगावी गेला, वार्षिक शुल्क भरायचे राहिले किंवा घरात बेबनाव झाला, की मग जाग येते. शेतीत राबणाऱ्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर नसते, हे दुखणे महाराष्ट्राला चांगले ठाऊक आहे. या नव्या जमिनीवर तेच दुखणे पुन्हा रुजते आहे. बँक कर्ज देताना खात्यावरील उलाढाल पाहते. ती उलाढाल दुसऱ्याच्या नावावर असेल, तर दहा वर्षे धंदा करूनही त्या स्त्रीची पत शून्यच राहणार.

सरकारी नोंदणीकडेही याच दृष्टीने पाहायला हवे. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क आहे. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घ्यावी लागते आणि तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. हा ससेमिरा वाटतो खरा. पण ज्या नावावर या नोंदी होतात, त्याच नावाला बाजारात आणि बँकेत ओळख मिळते. कायद्यातील विसंगती मात्र दूर व्हायला हव्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीमर्यादेखालील छोट्या विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकण्यासाठी त्या करनोंदणीची सक्ती राहिली नाही. राज्याची सीमा ओलांडली की मात्र करपात्र मालाला सामान्यतः ती लागू होते. म्हणजे कोल्हापूरची विक्रेती आपला मसाला दूर नागपूरला पाठवील तर एक नियम, आणि जवळच्या निपाणीला पाठवील तर दुसरा. ज्या साधनाला सीमा ठाऊक नाही त्यावर चालणाऱ्या धंद्याला हा नियम जाचक आहे. १९७८ पासून देशात उभ्या राहिलेल्या जिल्हा उद्योग केंद्रांनी अनुदानाच्या अर्जांबरोबर या गोष्टींचे मार्गदर्शन मराठीतून, समोर बसवून केले, तर ती काळाशी सुसंगत सेवा ठरेल.

नावाची पत कशी उभी राहते हे महाराष्ट्राला नव्याने शिकण्याची गरज नाही. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराने जमीन नासते या समजुतीशी झगडून त्यांनी आपला नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरवला. १९२० मध्ये तेथूनच शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. जाहिरातीसाठी इतरांची वृत्तपत्रे होतीच. तरी आपल्या माणसांशी बोलण्यासाठी आपले पत्र हवे, हे त्या कारखान्याने ओळखले. त्या खबरेतून पुढे मराठीतील एक नामांकित मासिक घडले. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला घेतले, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. भांडवल उसने होते, पण धंद्याची मालकी लाटणाऱ्या बायकांचीच राहिली, आणि पापडाची प्रत कोठेही सारखी ठेवण्याचा कटाक्ष त्यांनी सोडला नाही.

त्या काळी नव्हती अशी साधने आज हाताशी आहेत, ती अवश्य वापरावीत. पण या दोन्ही उद्योगांनी जे परक्याच्या हाती दिले नाही, ते आजच्या उद्योजकानेही देऊ नये. नाव, पत्ता, गिऱ्हाइकांची वही आणि मालाची प्रत या चार गोष्टी ज्याच्या त्याच्यापाशी असाव्यात. येत्या पाडव्याला जी कोणी मोबाइलवर नवे दुकान उघडील, तिने पहिले छायाचित्र टाकण्यापूर्वी एवढे तपासावे, की या दुकानाच्या प्रत्येक कागदावर आणि प्रत्येक खात्यावर नाव तिचे स्वतःचे आहे काय. नसेल, तर मुहूर्त आठ दिवस पुढे ढकलला तरी काही बिघडणार नाही.