नाचणारे हात आणि एक जुना आवाज

गेल्या रविवारी पुतण्या घरी आला होता. ‘काका, ही नवी गाणी ऐका,’ म्हणत त्याने मोबाईल माझ्यासमोर ठेवला. गाणी नवी, पण गायक मात्र १९६७ साली वारलेला! वुडी गथ्री हा अमेरिकेचा लोकगायक. आपल्या भाषेत सांगायचे तर शाहीरच. धुळीच्या वादळांनी देशोधडीला लावलेल्या शेतकऱ्यांची, मजुरांची गाणी तो गिटारवर गात हिंडला. १९५१-५२ साली ब्रुकलीनच्या राहत्या घरात त्याने टेपरेकॉर्डरवर काही गाणी म्हणून ठेवली होती. त्या टेप साफसूफ करून ‘वुडी ॲट होम’ हा संग्रह ऑगस्ट २०२५ मध्ये काढण्यात आला.

त्याचे इंग्रजी उच्चार मला पुरते उमगले नाहीत. पण आवाज कसा, तर ओसरीवर बसून कुणी स्वतःशीच म्हणावे तसा. मध्येच तो गाणे थांबवून बोलतो. ऐकता ऐकता माझ्यातला डॉक्टर जागा झाला. कारण १९५२ सालीच या माणसाला ‘हंटिंग्टनचा आजार’ असल्याचे निदान झाले होते. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा तो आवाज ऐकताना पुढचे सारे मला ठाऊक होते, त्याला नव्हते.

निदान होण्याआधी कुणी त्याला दारूडा ठरवले, कुणी वेडा. त्याची आई नोरा हिलाही गाव वेडीच समजत असे. १९३० साली ती मनोरुग्णालयात वारली. तिचा आजार हाच होता. वुडीची अखेरची अकरा-बारा वर्षे इस्पितळांत गेली. ज्या बोटांनी गिटार वाजवली ती शेवटी ताब्यात राहिली नाहीत.

वाचकहो, हे परदेशातले म्हणून सोडून देऊ नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिंपीकाम करणारे गृहस्थ आले होते. वय बेचाळीस. चालताना झोकांड्या जात, हात आपोआप नाचत, चेहरा वेडावाकडा होई. गावाने ‘पिऊन येतो’ असा शिक्का मारलेला. खरे सांगायचे तर प्रथम मीही त्यांच्या तोंडाला वास येतो का ते पाहिले. तेव्हा त्यांच्या पत्नीने त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ मला दाखवली आणि म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, यांनी उभ्या जन्मात थेंब घेतला नाही.’ मी खजील झालो. वडिलांविषयी विचारले, तर तेही ‘असेच नाचत’ गेले होते. देवऋषी झाले, गंडेदोरे झाले. शहरातल्या मेंदुविकारतज्ज्ञांकडे पाठवल्यावर रक्ताच्या तपासणीतून निदान पक्के झाले.

हा आजार म्हणजे करणी नव्हे, पूर्वजन्मीचे पापही नव्हे. चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकातला तो दोष आहे. १९८३ साली त्याचा ठावठिकाणा लागला आणि १९९३ साली ते जनुक नेमके सापडले. आई-वडिलांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो दोष येण्याची शक्यता निम्मी असते. दोष आला नाही, तर त्या अपत्याकडून तो पुढच्या पिढीत जात नाही. लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसू लागतात. हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, तोल जाणे, चिडचिड, उदासी, विसराळूपणा अशी ती असतात. पुष्कळदा स्वभाव आधी बदलतो आणि हात नंतर नाचू लागतात. आजार स्पर्शाने किंवा उष्ट्याने पसरत नाही.

मात्र हात नाचले की हाच आजार, असे समजू नये. थायरॉईडचा विकार, बेसुमार वाढलेली रक्तातली साखर, काही औषधे, लहान मुलांमध्ये सांध्यांच्या तापानंतरचा विकार, यांनीही असे होते आणि त्यांवर उपचार असतात. म्हणून तपासणी आधी, निष्कर्ष नंतर.

हंटिंग्टनचा आजार मुळापासून बरा करणारे औषध हाती आलेले नाही. २०२५ साली जनुकीय उपचाराच्या एका छोट्या चाचणीतून आशेचा किरण दिसला, एवढेच. पण हालचाली आणि उदासी कमी करणारी औषधे आहेत. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. रुग्णाचे वजन झपाट्याने घटते, म्हणून त्याला थोड्या थोड्या वेळाने पौष्टिक आहार द्यावा. घास अडकू नये म्हणून ताठ बसवून, मऊ अन्न सावकाश भरवावे. घरात पाय घसरेल, अडखळेल असे काही ठेवू नये. जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलला, तर ते हसण्यावारी नेऊ नये.

त्या गृहस्थांचा थोरला मुलगा तेव्हा तेवीस वर्षांचा होता. स्थळे येत होती. बाहेर सर्वजण थांबले असताना तो एकटा आत आला आणि म्हणाला, ‘माझंही असंच होणार का?’ मी म्हणालो, ‘होईल किंवा होणार नाही, दोन्ही सारखंच शक्य आहे. तपासणीने कळू शकतं. पण ती करायची की नाही, हे तूच ठरवायचं. घाई नको, आधी समुपदेशन घे.’ सज्ञान माणसाने पूर्ण समजून-उमजून घ्यायचा तो निर्णय आहे. आई-बाप, सासर किंवा डॉक्टर, कुणीच तो लादू नये. त्याने तपासणी केली नाही. मुलीकडच्यांना मात्र सर्व खरे सांगितले आणि तिने होकार दिला.

वुडीच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुली या आजाराने गेल्या. त्याची पूर्वपत्नी मार्जोरी हिने रुग्णांच्या कुटुंबांसाठी संस्था उभारली. घरातला आजार तिने दडवला नाही, म्हणून इतरांना वाट दिसली.

पुतण्या गेल्यावर मी ती गाणी पुन्हा एकदा ऐकली. रस्त्यात झोकांड्या खाणारा कुणी दिसला, तर नाक मुरडण्याआधी त्याच्या घरी एकदा विचारपूस करा, एवढीच विनंती.