बाग आखायची ती मे महिन्यासाठी

वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. मृगाचे दोन पाऊस पडले की तिथे दोडका, काकडी, चवळीचे वेल कुंपणावर चढू लागतात. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा आणि सांबार येतो. उरलेला महाराष्ट्र ज्याला कोथिंबीर म्हणतो तो सांबार. होळीपर्यंत सगळं हिरवं असतं. मग मार्चच्या अखेरीस पानं दुपारची माना टाकू लागतात, एप्रिलात वाफ्यांना भेगा पडतात आणि मे महिन्यात त्या जागेत वाळलेल्या काड्यांशिवाय काही उरत नाही. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. याचा दोष सगळे उन्हाळ्याला देतात. माझ्या मते तो आखणीचा आहे. आपण बाग ऑगस्ट डोळ्यांसमोर ठेवून आखतो, आणि ऑगस्टमध्ये तर वर्ध्यात दगडावरही गवत उगवतं. आखणी करायला हवी ती मे महिन्याची. मे काढू शकणारी बाग उरलेले महिने फारशा तक्रारीविना देत राहते.

घर बांधताना ही गोष्ट इथल्या लोकांना कुणी शिकवावी लागली नाही. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याहून शेगावला आले. हेच गाव १९४० पासून सेवाग्राम झालं. तिथे उभ्या राहिलेल्या आदि निवास आणि बापू कुटी या वास्तू आजही पाहता येतात. जाड मातीच्या भिंती, कवेलूचं उतरतं छप्पर, ओसरीची सावली: पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा माणूस आत कसा बसेल, याचा विचार करून ती घरं बांधली आहेत. जुन्या सांदवाडीतही हे शहाणपण होतं, पण एकाच कोपऱ्यात. न्हाणीच्या दगडाला उतार असे, भिंतीच्या तळाशी मुठीएवढं भोक, बाहेर वीतभर रुंदीचा चर आणि चराच्या शेवटी अळू, कर्दळ, केळीचं एखादं बेट. वैशाखात सगळं अंगण तापलेलं असताना तेवढ्या चार हातांत माती काळीशार, ओली आणि पायाला गार लागे. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा इकडून तिकडे घरंगळत असे. त्या कोपऱ्याला वेगळं पाणी कुणी घालत नव्हतं. घरातली माणसं आंघोळ करत होती, इतकंच. माझा आग्रह एवढाच की त्या कोपऱ्याचा नियम सगळ्या बागेला लावावा.

तो नियम आकड्यांत मांडता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मे महिन्यात आपल्याकडे भाजीच्या उघड्या वाफ्यातून आणि पानांतून मिळून दिवसाला साधारण सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे दर चौरस मीटरला सात-आठ लिटर. आता घराकडे पाहू. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलं आहे. पाच माणसांच्या घरात त्या हिशेबाने २७५ लिटर पाणी येतं. त्यातून पिण्याचं, स्वयंपाकाचं, संडासाचं आणि कपड्यांच्या साबणाचं वजा केलं, तरी आंघोळीचं आणि भाजी-धान्य धुतल्याचं मिळून शंभरेक लिटर पुन्हा वापरता येतं. त्यावर मे महिन्यात तग धरते ती बारा-चौदा चौरस मीटरची बाग, म्हणजे दहा बाय पंधरा फुटांच्या खोलीएवढी. हा आकडा लहान वाटला तरी तोच खरा आहे. पावसाळ्यात खुशाल चौपट जागा पेरावी. पण लिंबू, गोडनिंब, पपई, अळू, मिरचीची चार झाडं अशी जी मंडळी बारमाही राहायची आहेत, त्यांना या बारा-चौदा मीटरांतच जागा द्यावी. बहुतेक बागा मरतात त्या पाणी कमी पडल्याने नव्हे, तर आहे ते पाणी तिप्पट जागेवर शिंपडल्याने.

यावर लगेच विचारलं जाईल की जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो साठवला तर? पन्नास चौरस मीटरच्या छपरावर तेवढ्या पावसाचे पन्नास हजार लिटर होतात, हे खरं. पण मार्च ते मे असे नव्वद दिवस रोज शंभर लिटर द्यायचे तर नऊ हजार लिटरची टाकी बांधावी लागेल, आणि ती सप्टेंबरमध्ये भरून मार्चपर्यंत नुसती सांभाळावी लागेल. ज्याला परवडतं त्याने जरूर करावं. इतरांनी छपराचं पाणी विहिरीत किंवा बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडावं आणि बागेची भिस्त रोज निघणाऱ्या पाण्यावर ठेवावी. पाणी आधी, लागवड मागून हा क्रम वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवरच्या पवनारनेही दाखवला आहे. १९५० च्या सुमारास विनोबांनी धाम नदीकाठच्या परंधाम आश्रमात कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, आणि बैलांवाचून केवळ हातांनी करायच्या ऋषिशेतीचा प्रयोग केला. शिकली-सवरलेली तरुण मंडळी तिथे कुदळ-फावडं घेऊन उतरली. भाजीपाला पिकवायचा तर पाणी हवं, म्हणून विहीर खणणं आणि रहाट स्वतः ढकलून पाणी काढणं ही त्यांची मोठी कामं ठरली. ज्याला एकेक घागर अशी वर ओढावी लागते, त्याला वाफा केवढा करायचा हे सांगावं लागत नाही.

पाण्यानंतर ऊन. इथे माणसं सर्रास फसतात, कारण बाग आखली जाते जूनच्या ढगाळ दिवसांत. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात वर्ध्यावर सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी सापडते. म्हणजे त्या वेळी कुठल्याच भिंतीची सावली वाफ्याच्या कामाची नाही. सावली हवी तर ती वरून हवी. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की आठ फुटी भिंतीची दुपारची सावलीही उत्तरेकडे जवळपास आठ फूट पडते. घराच्या उत्तरेला भिंतीलगत लावलेला हिवाळी पालक पिवळा आणि लांबुडका होतो, तो यामुळे. तेव्हा हिवाळी वाफे दक्षिणेला किंवा पूर्वेला, मोकळ्यात. पश्चिमेला, जिथून दुपारी दोन ते पाचचं ऊन आडवं येऊन झाडं होरपळवतं, तिथे शेवगा. त्याची बारीक पानं ऊन पूर्ण अडवत नाहीत, चाळून देतात, आणि तो पाला खाताही येतो. माथ्यावरच्या सावलीसाठी हिरवी जाळी विकत मिळते. पण कापसाच्या या जिल्ह्यात वेचणी संपल्यावर पऱ्हाटीचे ढीग पडलेले असतात. चार बल्ल्या उभ्या करून वर पऱ्हाटी विरळ अंथरली की मांडव झाला. जूनमध्ये तो काढायचा आणि त्याच बल्ल्यांवर दोडका चढवायचा.

मातीचा प्रश्न वर्ध्यात दोन टोकांचा आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून आपण तिचं कौतुक करतो, आणि शेतात ते योग्यच आहे. पण छोट्या वाफ्यात तीच माती जुलैत चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते आणि एप्रिलमध्ये बोट जाईल एवढी फाटते. त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. दोन्हींवर औषध एकच, कुजलेला पालापाचोळा. त्याने चिकण माती भुसभुशीत होते, जादा पाणी निथरतं आणि हवं ते टिकतं. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी यासाठीच भोकं ठेवलेल्या विटांच्या टाक्याची पद्धत बसवली आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती नाडेप म्हणून देशभर गेली. तिच्यात सुमारे चौदाशे-पंधराशे किलो काडीकचऱ्याला शेण लागतं फक्त शंभरेक किलो. बाकी माती आणि पाणी. आज ज्यांच्या दावणीला जनावरं उरलेली नाहीत, त्या घरांसाठी हे प्रमाण मोलाचं आहे. घरच्या बागेला पूर्ण टाक्याचीही गरज नाही. तीन फूट लांब-रुंद असं विटांचं चौकोनी आळं पुरतं. त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे आच्छादन. सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार फेब्रुवारीच्या अखेरीस वाफ्यावर चार बोटं जाड पसरावं. उघड्या मातीतून उडणारं पाणी त्याने झाकलं जातं, आणि मघाचा सात-आठ लिटरचा हिशेब खाली येतो. कुटार खोडाला टेकू देऊ नये आणि दाराजवळ त्याचा ढीग ठेवू नये. सापाविंचवाची भीती खेड्यात खरी असते, ती हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही.

साबणाच्या पाण्याने माती बिघडते, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. धुण्याच्या सोड्यातलं सोडियम चिकण मातीचे कण सुटे करतं, ते दाटून बसतात आणि जमीन दगडासारखी होते. काळ्या मातीत हा धोका अधिकच. म्हणून कपड्यांचं पहिलं पाणी बागेला अजिबात देऊ नये, ते शोषखड्ड्याकडे जाऊ द्यावं. आंघोळीचं पाणी रेती-गिट्टीच्या छोट्या खड्ड्यातून गाळून, आज या आळ्याला तर उद्या त्या, असं फिरवत द्यावं, आणि कच्च्या खायच्या पानांवर नव्हे तर झाडाच्या बुडाशी. पावसाळ्यात तीच जमीन पावसाने धुऊन निघते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. आठवडी बाजारात मेथीची जुडी इतकी स्वस्त मिळते, मग एवढी यातायात का? जानेवारीपुरतं हे अगदी बरोबर आहे, आणि त्यातच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. हिवाळ्यात फुलणारी बाग बाजाराशी सगळ्यांत स्वस्त महिन्यात स्पर्धा करते. भाव चढतात ते उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडी. जुलै २०२३ मध्ये टमाटर शंभर रुपये किलोच्या वर गेले, ते कुणी विसरलेलं नाही. कापूस, सोयाबीन आणि तुरीत सगळं वावर गुंतवणारा शेतकरीही तेव्हा पिशवी घेऊन बाजारातच उभा असतो. मे काढलेल्या बागेत त्या दिवसांत अळू असतं, शेवग्याचा पाला असतो, चवळी आणि माठ असतो. आणि चिवळ असते! घोळीच्या कुळातली ही जमिनीसरपट भाजी आपल्या मांसल पानांत पाणी साठवते आणि ऐन उन्हाळ्यातच विदर्भाच्या ताटात येते. बेसन पेरून केलेली चिवळ ज्या प्रदेशात आवडीने खातात, तिथे उन्हाळ्यात भाजी येत नाही हे कसं पटावं? शिवाय वांगी-मिरचीची रोपं मेच्या मध्याला मांडवाखाली टाकली, तर पाऊस बसताच ती लावणीला तयार असतात. बी जूनमध्ये विकत आणणाऱ्यापेक्षा महिनाभर आधी भाजी हाती येते.

आरोग्याच्या बाजूने मात्र परसबागेबद्दल वाढवून बोलू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, म्हणून ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने बचतगटांमार्फत ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम चालवली ते योग्यच झालं. पण पालेभाजीतलं लोह शरीरात कमी मुरतं. लिंबू पिळलं तर बरंच अधिक. परसबाग ही लोहाच्या गोळीची जागा घेणार नाही. रोजच्या ताटात हिरवं पान मात्र ती आणते, आणि १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत राहत असताना गांधीजी ‘हरिजन’मधून हिरव्या पाल्यावर लिहीत होते, ते याच साठी. बारा मीटरांत एक लिंबाचं झाड धरलं आहे, ते केवळ लोणच्याकरता नाही.

वानरांवर उपाय सांगा, असं गावोगाव विचारलं जातं. पुरता उपाय नाही. पपई आणि काकडी त्यांच्यापासून वाचवणं कठीणच आहे. पण हळद, आलं, मिरची, गोडनिंब यांना ती सहसा हात लावत नाहीत. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. तिचं बेणं शेवग्याच्या सावलीत चांगलं वाढतं आणि उन्हाळ्यात तिला पाणीच लागत नाही. वानरांचा उपद्रव असलेल्या घरी बारमाही जागेतला मोठा वाटा अशा पिकांना जावा.

राहिला कष्टांचा प्रश्न, आणि तो बायकांचा आहे. घरात पाणी भरतात त्या, भाजी निवडतात त्या, बागही त्यांच्याच माथी आली तर योजना कितीही पौष्टिक असो, ती अन्यायाची आहे. यासाठीच पाणी बादलीने वाहून न्यावं लागणार नाही अशी आखणी हवी: न्हाणीघर उंचावर, बाग उताराला, मध्ये एक पाइप किंवा चर. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये बागकाम मुलगे आणि मुली दोघांच्याही शिक्षणाचा भाग होतं. घरात ते एकट्या आईचं का असावं? नवी घरं बांधताना मोरीचा पाइप सरळ गटारात सोडतात, तिथेच बागेचा निकाल लागलेला असतो. तो पाइप कुठे निघावा हे प्लिंथ भरण्याआधी ठरवावं. आणि जे घर बांधून झालंय, तिथे मेच्या एखाद्या दुपारी तीन वाजता अंगणात जावं, काठी रोवून सावली कुठे पडते ते पाहावं, मोरीपासून उतार कुठे जातो ते एक बादली ओतून पाहावं, आणि जिथे पाणी पोचतं आणि आडवं ऊन अडवता येतं, तेवढ्याच जागेभोवती चुन्याच्या फक्कीने रेघ ओढावी.