त्रैराशिकाचा विसर

२०२५-२६ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने उसाचा जो रास्त आणि किफायतशीर दर ठरविला, त्याचे सूत्र थोडक्यात असे : साखरेचा उतारा १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३५५ रुपये. त्यापुढे उताऱ्यात ०.१ टक्क्याची भर पडली की ३ रुपये ४६ पैसे अधिक, आणि तेवढीच घट झाली की तेवढेच कमी. मात्र उतारा ९.५ टक्के वा त्याहूनही कमी असला तरी दर ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जावयाचा नाही. यातील ३ रुपये ४६ पैसे हा आकडा कोठून आला? ३५५ ला १०.२५ ने भागले की उताऱ्याच्या एका टक्क्याची किंमत ३४ रुपये ६३ पैसे येते. तिचा दहावा हिस्सा तो हा. आणि खालची मर्यादा? १०.२५ व ९.५ यांत साडेसात दशांशांचे अंतर आहे. ३.४६ ला साडेसातने गुणून येणारे २५ रुपये ९५ पैसे ३५५ मधून वजा करावे, की ३२९ रुपये ५ पैसे उरतात. भारत सरकारच्या या निर्णयात सहावी-सातवीच्या गणिताबाहेरचे काहीही नाही.

तरीही दर हंगामात या सूत्राभोवती आंदोलने होतात, आणि ज्यांच्या नावाने ती होतात त्यांपैकी किती जण हे गणित स्वतः मांडून पाहू शकतात, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. उतारा हा कारखान्याचा सरासरी उतारा असतो. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, एवढाच त्याचा अर्थ. त्यात एका दशांशाचा फरक पडला तर टनाला ३४ रुपये ६० पैसे, आणि शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला ३,४६० रुपये इतका फरक पडतो. दशांश चिन्हाच्या उजवीकडील एका अंकाचे हे मोल आहे. ज्याला तो अंक वाचता येत नाही त्याला नेत्याच्या भाषणावर अथवा कारखान्याच्या चिटणिसावर विश्वास ठेवण्याखेरीज गत्यंतर नाही. म्हणूनच प्राथमिक शाळेतील दशांश अपूर्णांक, गुणोत्तर आणि प्रमाण हा विषय केवळ शिक्षणशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्यासारखा नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पदवीच्या वर्गात अर्थशास्त्र शिकविताना या दुखण्याची पाळेमुळे रोज दिसतात. मागणीच्या लवचिकतेची व्याख्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते, वक्ररेषा सुबक काढता येते. परंतु किंमत ८ रुपयांवरून १० झाली आणि मागणी १०० वरून ९० वर आली, एवढे सांगून लवचिकता काढावयास लावले की वर्ग स्तब्ध होतो. अडते ते अर्थशास्त्रापाशी नव्हे, तर दोन हा आठाचा कितवा हिस्सा, या प्रश्नापाशी. किंमत २५ टक्क्यांनी वाढली, मागणी १० टक्क्यांनी घटली, म्हणून लवचिकता ०.४, हे उत्तर फळ्यावर आले की ते मुकाट्याने वहीत उतरते. ०.४ म्हणजे एकाहून कमी, हे मात्र काहींना तेव्हाही सांगावे लागते.

हे असे का व्हावे? जुन्या पिढीतील वाचक लगेच पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीची आठवण काढतील. ती आठवण सर्वस्वी खोटी नाही. साडेतीनला 'औट' म्हणतात हे आजच्या विद्यार्थ्याला 'औटघटकेचे राज्य' या शब्दप्रयोगापुरतेही ठाऊक नसते. पण त्या पाठांतरामागे छडी होती, आणि ज्या घरांतील मुले शाळेच्या उंबरठ्याच्या आत येऊच शकली नाहीत त्यांचा हिशेब त्या सुवर्णयुगात कोणी धरीत नाही. तेव्हा तो काळ परत यावा असे म्हणण्यात अर्थ नाही. त्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र होती : अपूर्णांक ही वस्तू होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. पावली हातात धरता येत असे, आणि चार पावल्यांचा रुपया होतो हे समजण्यास पुस्तक लागत नसे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आली आणि पुढील काही वर्षांत मेट्रिक वजनमापे सक्तीची झाली. हा निर्णय योग्यच होता. संक्रमणाच्या काळात एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे हे कोष्टकात बसविण्यासाठी सहा धरावे लागले, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, आणि चार आण्यांपाशी पंचवीसवर हिशेब एकदाचा जुळला. त्या गोंधळातही सामान्य माणसाला प्रमाणाचा एक धडाच मिळाला, असे म्हटले तर वावगे ठरू नये. पण पुढे शाळेने एक सोयीस्कर समज करून घेतला. सर्व काही दहाच्या पटीत आले, तेव्हा अपूर्णांकाचे संकट टळले; आता दशांश चिन्ह डावी-उजवीकडे सरकविले की झाले! चिन्ह का सरकते, हे सांगण्याची आवश्यकता कोणाला भासली नाही.

आणि नाण्यांनी शिकविलेला दशांश हा अर्धाच दशांश असतो, ही दुसरी अडचण. ३.५० रुपये म्हणजे तीन रुपये पन्नास पैसे, असे मूल वाचते. म्हणजे ते एक संख्या वाचीत नाही, तर बिंदूने विभागलेल्या दोन पूर्ण संख्या वाचते. मग ३.५ म्हणजे तीन रुपये पाच पैसे, आणि ३.४५ हे ३.५ पेक्षा मोठे, कारण पंचेचाळीस पाचाहून मोठे, ही चूक त्याच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध ठरते. भोवतालचे जगही तिला खतपाणी घालते. क्रिकेटच्या धावफलकावरील ४.५ षटके म्हणजे चार षटके आणि पाच चेंडू. तेथे बिंदूच्या उजवीकडे सहाचा पाया असतो. साडेचार तास ४.५ असे लिहिले तर ४ वाजून ५० मिनिटे असे वाचणारी मुले प्रत्येक शाळेत सापडतील. पुढे नाणीही गेली. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणे चलनात राहिले नाही. आजच्या मुलाने पावली पाहिलेली नसते. वाण्याकडे ते 'पाव किलो' मागते आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.२५० असे उमटते. हे दोन्ही एकच, हे त्याला कोण सांगणार? काटा सांगत नाही, आणि पाठ्यपुस्तकात काटा नसतो.

आजवरच्या पाठ्यपुस्तकांची रचनाही याला साहाय्य करीत आली आहे. पाचवीत दशांश अपूर्णांक, सहावीत गुणोत्तर-प्रमाण व शेकडेवारी, सातवीत सम आणि व्यस्त प्रमाण. प्रत्येकाचे स्वतंत्र प्रकरण, स्वतंत्र नियम, स्वतंत्र उदाहरणसंग्रह. एकच कल्पना चार वेषांत येते आणि विद्यार्थी तिला चार अनोळखी पाहुण्यांप्रमाणे भेटतो. पाव, ०.२५, १ : ४ आणि २५ टक्के ही एकाच गोष्टीची नावे आहेत, हे ज्याला सातवीपर्यंत उमगले नाही त्याला ते पुढे कधी उमगेल याची शाश्वती नाही. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' म्हणावे की नाही, यावर महाराष्ट्रात रणधुमाळी माजली, विधिमंडळापर्यंत प्रश्न गेला. संख्यानामांबद्दल एवढी संवेदनशीलता दाखविणाऱ्या समाजाने दशांशाबद्दल कधी ब्रही काढलेला नाही.

भास्कराचार्यांनी 'लीलावती' या ११५० सालच्या ग्रंथात त्रैराशिकाला दिलेले स्थान या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. बहुतेक सारे अंकगणित त्रैराशिकाने व्यापलेले आहे, असा त्यांचा अभिप्राय होता. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी. पहिली आणि तिसरी एकाच जातीची. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागावे. यातील 'एकाच जातीची' ही अट फार मोलाची आहे, कारण ती विद्यार्थ्याला आकडे हाताळण्यापूर्वी वस्तूंचा विचार करावयास लावते. आज शिकविला जाणारा तिरकस गुणाकार तो विचार टाळण्याचेच साधन झाला आहे. भास्कराचार्य तेथेच थांबत नाहीत. इच्छा वाढली असता फल कमी होते अशा ठिकाणी व्यस्त त्रैराशिक लावावे, हे सांगून ते सोन्याच्या कसाचे उदाहरण देतात : त्याच मोलात कस जितका अधिक तितके वजन कमी.

म्हणजे नियम लावण्याइतकाच तो कोठे लावू नये, हा विवेक महत्त्वाचा. दहाव्या वर्षी १४० सेंटिमीटर उंची असलेला मुलगा विसाव्या वर्षी २८० सेंटिमीटर होणार नाही, हे कोणीही हसत हसत सांगेल. पण एकरी दोन पोती खताने जेवढे पीक वाढले त्याच्या दुप्पट चार पोत्यांनी वाढेल, या हिशेबावर कर्ज काढणारे कमी नाहीत. अर्थशास्त्रातील घटत्या उत्पादनफलाचा नियम म्हणजे दुसरे काय? त्रैराशिकाच्या साम्राज्याची सीमा कोठे संपते, हेच तो सांगतो. ज्याला त्रैराशिक कळले नाही त्याला ही सीमाही कळत नाही.

शेकडेवारीची कथा याहून गंभीर आहे, कारण तिच्या अज्ञानावर व्यवसाय चालतात. 'शेकडा दोन'ने उचललेले कर्ज वर्षाला किमान चोवीस टक्के पडते, हे दरमहाच्या भाषेत लपून राहते. बारा हजार रुपये बारा टक्के 'सरळ' दराने वर्षासाठी घेतले तर व्याज १,४४० रुपये आणि मासिक हप्ता १,१२० रुपये. वरवर पाहता व्यवहार चोख! परंतु मुद्दल दर महिन्यास हजाराने फिटत जाते, आणि वर्षभरात कर्जदाराच्या हाती सरासरी अवघे साडेसहा हजारच राहतात. त्यांवर १,४४० रुपये म्हणजे बावीस टक्क्यांच्या घरातील व्याज. भागाकार बरोबरच होता. भाजक चुकीचा होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आणला तेव्हा दर 'पाव टक्क्याने' उतरल्याचे सर्वत्र छापून आले. तो उतरला पाव टक्केबिंदूने. टक्क्यांत मोजावयाचे तर ती घट ३.८५ टक्क्यांची होते. असे फरक वाचकाला नीट सांगण्याची जबाबदारी, स्पष्टच बोलावयाचे तर, वृत्तपत्रांचीही आहे.

प्रत्येकाच्या खिशात आता गणकयंत्र असताना हा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर वरील उदाहरणातच आहे : यंत्र भागाकार करील, पण कशाला कशाने भागावयाचे ते यंत्राला सांगावे लागते. शिवाय मोबाइल घरोघरी पोहोचल्यानंतरची स्थिती काय आहे? 'प्रथम' संस्थेच्या 'असर २०२३' या पाहणीत देशातील २८ ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटाच्या मुलामुलींपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे केवळ ४३.३ टक्क्यांना जमले. जेथे भागाकारच डळमळीत आहे तेथे गुणोत्तराचा मजला कशावर उभा राहणार?

यावर उपाय म्हणून आणखी एक जाड पुस्तक काढण्याची घाई कोणी करू नये. पाचवी ते सातवीपर्यंतची ही चारही प्रकरणे एका सूत्रात ओवावी, उदाहरणांची संख्या निम्म्याने कमी करावी, आणि प्रत्येक उदाहरणात 'हे प्रमाणात आहे काय, आणि कशाच्या प्रमाणात?' या प्रश्नाचे उत्तर शब्दांत लिहिण्यास गुण ठेवावे. अध्यापक विद्यालयांतही शिक्षकाला ३.४५ आणि ३.५ यांतील चूक ओळखण्याचे नव्हे, तर ती मुलाच्या मनात कशी जन्मते हे शोधण्याचे शिक्षण मिळावयास हवे. साहित्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. गाईच्या दुधाचा भाव फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ या आकड्यांना बांधलेला असतो; संकलन केंद्राची पावती घरात दिवसातून दोनदा येते, आणि खेडोपाडी ती पुष्कळदा शाळकरी मुलगीच आणते. कोल्हापूर वा सांगली जिल्ह्यातील सहावीच्या वर्गात उसाचे बिल, अहिल्यानगर जिल्ह्यात दुधाची पावती आणि मुंबईत उपनगरी गाडीच्या पासाचा व तिकिटाचा हिशेब फळ्यावर मांडण्यास कोणत्याही खात्याची परवानगी लागत नाही. फक्त त्या तासाला पुस्तक मिटून ठेवणाऱ्या शिक्षकाकडे अभ्यासक्रम मागे पडल्याचा खुलासा कोणी मागू नये.