हिंदुरावाचा दबका आवाज
कोल्हापूरच्या अनंत माने यांनी १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’त निळू फुले यांना झेलेअण्णा केलं आणि मराठी तमाशापटाला कित्येक वर्षं पुरेल असा खलनायक मिळाला. पुढे पाटील, सरपंच, सभापती अशी त्यांची रांगच लागली. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील मात्र वेगळा काढावा लागतो. ‘सामना’ या चित्रपटात एका खुनावर पांघरूण घातलेलं आहे आणि ते घालणारा माणूस गावाचा अन्नदाता आहे. आपण गुन्हा केला असं त्याला वाटतच नाही. साखर कारखाना चालवायचा तर वाटेतले दगड बाजूला करावे लागतात, एवढाच त्याचा हिशेब. असा माणूस उभा करताना आरडाओरडा सोपा असतो. फुले आवाज खाली ठेवतात. कुठून आला हे ठाऊक नसलेल्या दारुड्या मास्तरला हिंदुराव आश्रय देतो, आपलं राज्य हौसेनं दाखवतो. आणि मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न पुन:पुन्हा समोर आला की त्या पाहुणचाराखालची भीती हळूहळू दिसायला लागते. उसाच्या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला हा माणूस ओळखायला वेळ लागला नसेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘सामना’ तर मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंचा. ती भूमिका मोठी आहे, यात वाद नाही. पण मास्तरच्या हाती दारू आहे, उपरोध आहे, सदसद्विवेक आहे. १९७२च्या ‘पिंजरा’त कोल्हापूरच्याच व्ही. शांतारामबापूंनी लागूंना स्वत:च्याच खुनाच्या आरोपावरून फासावर जाणारा मास्तर दिला होता, तिथला अपराधभाव त्यांच्या अंगाखांद्यावर दिसतो. हिंदुरावाला दाखवायला अपराधभावही नाही, म्हणून त्याचं काम अवघड. दुसरा आक्षेप लेखणीचा: सगळं पटकथाकार विजय तेंडुलकरांनी लिहूनच ठेवलं होतं. मग १९७२चंच ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक आठवावं. लेखक तेच, नट तोच, पण सखाराम शिवराळ, अंगावर येणारा. तो दणका ज्याला येतो त्यानं तीनेक वर्षांत तो आवरून धरला, ही निवड कागदावरची नव्हे. दिग्दर्शक जब्बार पटेलांचा त्यात वाटा आहेच. ‘सामना’ राजकीय चित्रपट, त्याला गुन्हेपट कसं म्हणायचं, असंही कुणी विचारेल. खून आहे, दडपादडपी आहे, वर्दीविना तपास करणारा माणूस आहे. आणखी काय लागतं? तेंडुलकरांनीच पटकथा लिहिलेल्या १९८३च्या ‘अर्धसत्य’मध्ये ओम पुरींचा फौजदार वेलणकर आतून उकळत राहतो आणि शेवटी फुटतो. हिंदुरावाची वाफ कोंडलेलीच राहते, आणि मला ती जास्त भयंकर वाटते.

‘सामना’ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, १९७५मध्ये तो बर्लिन महोत्सवातही गेला. लोकांच्या तोंडी मात्र राहिला तो फुल्यांचा वाड्यावर बोलावणारा खरखरीत आवाज. नकलाकारांनी निळूभाऊंची खरखर उचलली. त्या आवाजामागचा हिशेब कुणालाच उचलता आला नाही. नकलांवरूनच ज्यांना ते माहीत आहेत, त्यांनी ‘सामना’ जरूर बघावा, आणि बघताना आवाज थोडा वाढवून ठेवावा.