शाश्वत विकास : तत्त्व आणि तराजू

ब्रुन्टलँड आयोगाने १९८७ साली रूढ केलेल्या ‘शाश्वत विकास’ या संकल्पनेला भारतात कायद्याचे बळ लाभले ते १९९६ साली. तमिळनाडूतील कातडी कमावण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने पालार नदीकाठचे पाणी व शेती नासली होती. वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन दंडक घालून दिले. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी आणि आपल्या उद्योगाने पर्यावरणाची हानी होत नाही, हे सिद्ध करण्याचा भारही उद्योजकानेच वाहावा. पीडितांच्या दृष्टीने हा मोठाच पालट होता.

परंतु २००० साली सरदार सरोवर खटल्यात त्याच न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, धरण म्हणजे प्रदूषण करणारा कारखाना नव्हे. सबब हा भार येथे लागू होत नाही. एकाच तत्त्वाने पालारकाठच्या शेतकऱ्याला आधार दिला, नर्मदाकाठच्या विस्थापिताला मात्र दिला नाही.

२०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याने ही तत्त्वे बंधनकारक केली. त्यांची व्याख्या मात्र केली नाही. विकास आणि पर्यावरण यांचा समतोल साधावा, याविषयी दुमत नाही. पण वजने कोणती, हे कायद्यानेच सांगितले पाहिजे. अन्यथा तराजू न्यायाचा राहील आणि माप मात्र बलवानाच्या सोयीचे ठरेल.