परदेशात असताना वायदा कसा पाळावा? मोबाइलवर आधीच निरोप लावून ठेवण्याची पद्धत

आपल्या कापड धंद्यात माल उधारीवर जातो आणि रक्कम जबानीवर येते. नाशिकच्या दुकानदाराने मालेगावच्या यंत्रमागवाल्याला किंवा येवल्याच्या पैठणी विणकराला "बुधवारी दहा वाजता ऑर्डर कळवतो" असे सांगितले की समोरचा माणूस त्यावर पुढचा हिशेब मांडतो. सूत घ्यायचे की थांबायचे, कारागिराची मजुरी कुठून द्यायची, हे त्या एका निरोपावर ठरते. दुकानदार गावात असला तर अडचण नाही. पण तो हजला किंवा उमराहला गेला असेल, अथवा माल पाहण्यास दुबई-चीनला गेला असेल, तर त्याचे घड्याळ बदलते आणि निरोप मागेपुढे होतो. मग बाजारात "शेठ फोन उचलत नाहीत" अशी चर्चा सुरू होते. साख बसायला वर्षे लागतात, उठायला एक आठवडा पुरतो.

पूर्वी अशा वेळी तार होती. आपल्या देशातील तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. आता खिशातल्या मोबाइलमध्येच निरोप लिहून, तारीख-वेळ लावून ठेवण्याची सोय आहे. निघण्यापूर्वी निरोप लावावा, तो ठरल्या वेळी आपोआप जातो. ही सोय चांगली आहे, पण ती समजून वापरली पाहिजे.

प्रथम घड्याळाचा हिशेब

भारताची प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून सुरू झाली. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून धरली आहे. मुंबईची जुनी वेळ तिच्यापेक्षा 39 मिनिटे मागे होती आणि मुंबईत ती त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिली. त्या काळी वेळ सांगताना "मुंबई टाइम की स्टँडर्ड टाइम" हेही सांगावे लागे. परदेशी जाणाऱ्या व्यापाऱ्याने आजही तीच सवय ठेवावी. "दहा वाजता" न म्हणता "नाशिकच्या दहा वाजता" म्हणावे.

नाशिकमध्ये सकाळी 10 वाजता दुकान उघडते, तेव्हा मक्का-मदिनेत 7.30 वाजलेले असतात. दुबईत 8.30, ढाक्यात 10.30 आणि चीनमध्ये दुपारचे 12.30 होतात. इस्तंबूल आणि नैरोबीचे घड्याळ मक्केप्रमाणेच चालते. लंडनचे मात्र वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते. त्यामुळे ते उन्हाळ्यात आपल्यामागे साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच तास असते.

तारखेचेही भान ठेवावे. मक्केत 30 तारखेच्या रात्री 10 वाजले की नाशिकमध्ये 31 तारीख लागून अर्धा तास झालेला असतो. "30 तारखेला कळवतो" असे सांगून कोणी हरममधून परतल्यावर रात्री निरोप पाठवला, तर देणेकऱ्याच्या हिशेबी वायदा मोडला.

सुटीचा वारही पाहावा. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. सौदीत शुक्रवार-शनिवार सुटी असते. दुबईत 2022 पासून शनिवार-रविवार सुटी आणि सरकारी कचेऱ्यांत शुक्रवारी अर्धा दिवस काम असते. निरोप घेणारा कामावर असेल असाच वार धरावा.

निरोप कुठून निघतो?

साध्या अँड्रॉइड फोनवर गुगलचे मेसेजेस असेल तर निरोप लिहून पाठवण्याचे बटण दाबून धरावे. तारीख-वेळ निवडण्याची सोय समोर येते. पण हा निरोप त्याच फोनमध्ये थांबून राहतो आणि तिथूनच निघतो. फोन बंद असेल किंवा नेटवर्क नसेल तर ठरल्या वेळी तो जाणार नाही. परदेशात भारतीय सिमवरून एसएमएस गेला तर रोमिंगचा दर लागतो. तिथले सिम घातले असेल तर एसएमएस त्या अनोळखी नंबरावरून जाईल आणि इकडचा माणूस त्यावर भरवसा ठेवणार नाही.

आयफोनवर ही सोय सप्टेंबर 2024 मध्ये आली. ती आयफोनवरून आयफोनला जाणाऱ्या आयमेसेजपुरतीच आहे आणि 14 दिवसांपर्यंतचीच वेळ लावता येते. टेलिग्राम आणि जीमेलमध्ये निरोप कंपनीच्या यंत्रणेत राहतो, म्हणून आपला फोन बंद असला तरी तो जातो. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये "मालक अमुक दिवस बाहेर आहेत" असे उत्तर ठराविक काळासाठी लावता येते. मात्र ते कोणी आपल्याला लिहिले तरच जाते.

यावर सर्वांत सोपा उपाय असा. निरोप दुकानाच्या फोनवर लावावेत आणि तो फोन नाशिकमध्येच ठेवावा. त्याचे घड्याळ बदलत नाही, सिम बदलत नाही, रोमिंग लागत नाही. आपला फोन बरोबर न्यायचाच असेल तर विमानातून उतरल्यावर लावलेल्या निरोपांची यादी उघडून वेळा एकदा तपासाव्यात.

काय लावावे, काय लावू नये

वेळ गेल्याने जो निरोप खोटा ठरत नाही, तोच आधी लावावा. उदाहरणार्थ, "अस्सलामु अलैकुम भाई, आपल्या बिलाची मुदत येत्या सोमवारी आहे, आठवण असावी." किंवा "दादा, पुढच्या पैठणीचे रंग आधी ठरल्याप्रमाणेच ठेवा." असे निरोप दहा दिवस आधी लिहिले तरी बिघडत नाही.

"आज रक्कम जमा केली", "गाठी ट्रान्सपोर्टला दिल्या, बिल्टी पाठवतो" असे निरोप कधीही आधी लावू नयेत. बँकेत व्यवहार अडकला किंवा गाडी भरली नाही, तरी फोन ते शब्द पाठवून मोकळा होतो. खोटे आपल्या नावावर लागते. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस डिसेंबर 2020 पासून चोवीस तास चालू आहे. म्हणून आधी रक्कम पाठवावी आणि नंतरच निरोप द्यावा.

ईदच्या मुबारकबादीचेही तसेच आहे. सौदीत आणि आपल्याकडे ईद बहुधा वेगवेगळ्या दिवशी होते. चाँद जाहीर होण्याआधी लावलेली ईदुल फित्रची मुबारकबादी रोजाच्या दिवशी पोहोचू शकते. ती चाँद झाल्यावरच पाठवावी.

ओटीपीला आधी लावण्याची सोय नाही. जीएसटीचे 3बी दरमहा भरणाऱ्यांची मुदत पुढील महिन्याच्या 20 तारखेची असते आणि ओटीपी नोंदलेल्या मोबाइलवर येतो. तेव्हा तो नंबर निघण्यापूर्वी रोमिंगवर चालू करून घ्यावा, किंवा ते काम आटोपूनच निघावे.

घरच्या माणसाला सांगून जावे

लावलेल्या प्रत्येक निरोपाची नोंद वहीत करावी. कोणाला, कोणत्या दिवशी, नाशिकच्या किती वाजता, हे लिहून मुलाजवळ किंवा मुनीमजींजवळ द्यावे. समोरच्याने आधीच रक्कम भरली तर त्यांनी तो निरोप रद्द करावा. भरलेल्या पैशाची मागणी गेली तर माणूस दुखावतो. मुदतीची देणीघेणी लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. ही वही त्याच शिस्तीतली आहे.

हजच्या पाच-सहा दिवसांत, मिना आणि अरफातच्या गर्दीत, फोनच्या भरवशावर राहू नये. त्या दिवसांचे वायदे निघण्यापूर्वीच पुरे करावेत, नाहीतर समोरच्याची रजामंदी घेऊन पुढे न्यावेत. म्हणजे विणकराची चूल अडत नाही आणि हाजीचे मनही इबादतीत राहते. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि दिलेली जबान पाळण्याची तौफीक देवो. आमीन.